सासूबाईंनी विचारलेला प्रश्न

आदरणीय ताई,

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. वय ३१. इतिहासात पीएचडी करते आहे, विषय ‘बडोदा संस्थानातील ग्रंथालय चळवळ’. शाळा मराठी माध्यमाची, पुढे सगळं इंग्रजीत. चार वर्षांत साहित्य पुष्कळ जमवलं. मग पहिलं प्रकरण, ३४ पानं, लिहून गाइडना दिलं. आठवड्याने परत आलं. व्याकरणाच्या चुका दोन-चारच दाखवल्या होत्या, पण पानोपानी समासात गुजरातीत एकच शेरा: ‘तो शुं?’ म्हणजे ‘मग काय?’ भेटायला गेले तर सर म्हणाले, “बेन, ही माहितीपुस्तिका झाली, थीसिस कुठाय?” तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही. माझं इंग्रजीच कच्चं आहे असं वाटतं. अकॅडमिक रायटिंगचा ऑनलाइन कोर्स करू का? नात्यातले एक जण म्हणतात, चॅटजीपीटीला दे, चकाचक करून देईल. दुसरे म्हणतात, पैसे घेऊन लिहून देणारे मिळतात. मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळे रात्री दहानंतरच बसता येतं. सासूबाई चांगल्या आहेत, पण परवा त्यांनी सहज विचारलं, “एवढं रोज काय लिहितेस गं?” मला सांगताच येईना. फार लाज वाटली. सोबत अनुक्रमणिका आणि नमुन्याची दोन पानं जोडली आहेत.

— अडकलेली, दांडिया बाजार

अडकलेल्या मुली,

तुला एकेरी म्हणते, वयाचा फायदा घेते. तुझं पत्र दोनदा वाचलं. इंग्रजीची रड पत्रभर आहे आणि सासूबाईंची गोष्ट शेवटी, जाता जाता सांगितलेली. दुखणं मला तिथे सापडलं.

इंग्रजी कच्चं असतं तर सरांनी पानं लाल करून दिली असती. त्यांनी चुका दोन-चारच दाखवल्या आणि बाकी सगळीकडे विचारलं, ‘तो शुं?’ सासूबाईंनी विचारलं तेही हेच, फक्त मायेने. चार वर्षं खपून तुला म्हणायचंय काय, हे दोघांनाही कळलेलं नाही. राग मानू नकोस, ते अजून तुलाही कळलेलं नाही. कळलं असतं तर सासूबाईंना कणीक मळता मळता मराठीत सांगितलं असतंस. आडातच नाही, तर इंग्रजीच्या पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून कोर्सचे पैसे तूर्त राहू देत. त्यात वाक्याला वाक्य कसं जोडावं, परिच्छेद कसा बांधावा हे शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. पण जोडायची वाक्यं आधी हातात लागतात.

अनुक्रमणिका पाठवलीस ते बरं केलंस. प्रकरण पहिलं, सयाजीराव महाराजांचं चरित्र. दुसरं, बडोदा संस्थानाचा इतिहास. तिसरं, ग्रंथालय चळवळ. चौथं, चळवळीचं योगदान. पाचवं, समारोप. म्हणजे वाचणाऱ्याने महाराजांच्या जन्मगावाहून, कवळाण्याहून निघायचं, १८७५च्या दत्तकविधानाला हजेरी लावायची, १८८१ मध्ये महाराजांच्या हाती कारभार आलेला पाहायचा, मग अख्ख्या संस्थानाला प्रदक्षिणा घालायची आणि शंभरेक पानांनी धापा टाकत ग्रंथालयाच्या दारात पोचायचं. तोवर ग्रंथपाल कुलूप लावून घरी गेलेला असतो.

हा दोष तुझ्या एकटीचा नाही, आपल्या गावाचाच आहे. बडोद्याच्या मराठी घरात महाराजांविषयी आपण हात जोडून बोलतो. बोलावंही. पण जोडलेल्या हातांत पेन धरता येत नाही. तुझ्या दोन पानांत ‘द्रष्टे’ हा शब्द सहा वेळा आलाय, ‘ज्ञानाची गंगा’ दोनदा वाहिली आहे. जयंतीच्या भाषणात टाळ्या पडतील. परीक्षक मात्र त्यावर काय करणार? मान डोलवायची की नाही, एवढंच त्याच्या हातात उरतं. तपासायला काही नाही.

‘ग्रंथालय चळवळ’ हा झाला विषय. ‘दांडिया बाजार’ म्हटलं की रिक्षावाला दांडिया बाजारात आणून सोडतो. पुढे कुठल्या वाड्यात, कितव्या मजल्यावर, ते तुलाच सांगावं लागतं. तुझ्या थीसिसला तो वाडा नाही. कसा शोधायचा ते तुझ्याच सामानातून दाखवते.

नमुन्याच्या दुसऱ्या पानावर तू गावग्रंथालयांच्या खर्चाची पद्धत सांगितली आहेस. गावाने वर्गणीतून जेवढी रक्कम उभी करायची, तेवढीच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. तीन सारखे वाटे. वाक्याच्या शेवटी तू चक्क उद्गारचिन्ह दिलंयस, ३४ पानांतलं बहुधा एकमेव, आणि लगेच पुढे, महाराजांनी अमेरिकेतून बोलावलेल्या ग्रंथपाल बोर्डनसाहेबांकडे पळालीस. तिथे थांबायला हवं होतं. चार वर्षं त्याच त्या कागदांत बसलेल्या माणसाला कशाचं नवल वाटलं, तर त्या जागी काहीतरी दडलेलं असतं.

पहिला वाटा गावाचा. मग ज्या गावाला वर्गणी काढणं जमत नव्हतं त्याचं काय झालं? गावात वर्गणी देत कोण होतं? ज्यांनी दिली नाही ते आत येऊन बसू शकत होते का? वाचनालय सर्वांसाठी, पण ते निघायचं कुठे हे महाराजांच्या इच्छेवर ठरलं की त्या वर्षीच्या पिकावर? बघ, दोन मिनिटांत चार प्रश्न झाले आणि एकाचंही उत्तर तुला किंवा मला आत्ता देता येत नाही. असाच प्रश्न हवा. फक्त उत्तर कुठे शोधायचं ते ठाऊक असलं पाहिजे, नाहीतर चार वर्षांची आठ होतात. तुझ्या बाबतीत ते ठाऊक आहे. संस्थानाचे वार्षिक प्रशासकीय अहवाल आहेत. १९११ आणि १९२१ च्या शिरगणतीतले साक्षरतेचे आकडे आहेत. बोर्डननंतर ग्रंथालय खातं सांभाळणाऱ्या जनार्दन सखाराम कुडाळकरांनी चळवळीवर १९१९ मध्ये इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक आहे. अख्खं संस्थान घेऊ नकोस. दोन तालुके घे: एक पेटलादसारखा चरोतरातला सुपीक, एक ओखामंडळासारखा कोरडा. दोन्ही बडोद्याचेच.

आता सासूबाईंना सांगून बघ. “आई, महाराजांनी गावोगाव वाचनालयं काढली म्हणतात ना, त्यात आधी गावाने पैसे घालायचे होते. मग गरीब गावांना ती मिळाली का, ते मी शोधते आहे.” त्या विचारतील, “मग? मिळाली का?” सरांच्या ‘मग काय?’पासून सासूबाईंच्या ‘मग?’पर्यंत आलीस की तुझं काम मार्गी लागलं समज.

उत्तर काहीही निघो. गरीब गावं मागे राहिली असं निघालं तर तो तुझा दावा. ओखामंडळातही वाचनालयं जोरात निघाली असं दिसलं तर पैसा आला कुठून, हा त्याहून चांगला दावा. फक्त दावा असा हवा की एखाद्या शहाण्या माणसाला त्यावर “नाही हो” म्हणता यावं. ‘महाराज द्रष्टे होते’ यावर बडोद्यात कोण नाही म्हणणार?

आणि “नाही हो” म्हणणाऱ्याला तू स्वतःच बोलावून आणायचंस. आपल्या शास्त्रीपंडितांची ही जुनी रीत. आधी पूर्वपक्ष: समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की तो स्वतःही इतकं नेटकं मांडू शकला नसता. मग उत्तरपक्ष. तुझा पूर्वपक्ष तर तयारच बसलाय, फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्यांमध्ये. पुस्तकांनी भरलेल्या या पेट्या गावोगाव जात आणि त्यांच्या ने-आणीचा खर्च सरकार करी. मग गरीब गावांना काही मिळालं नाही असं कसं म्हणतेस? ही पेटी तू लपवलीस तर व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक ती नेमकी बाहेर काढेल. तूच उघडलीस तर दावा कदाचित बदलेल, आणि बदलू दे. तीन वाट्यांच्या पद्धतीत भोक आहे हे सरकारला दिसलं होतं आणि पेटी हे त्यावरचं ठिगळ होतं, असं निघेल. किंवा पेट्याही ज्या गावांत आधीच वाचणारे होते तिथेच जास्त गेल्या, असं निघेल. आकडे काढल्याशिवाय कळणार नाही, पण कुठले आकडे काढायचे ते आता कळलंय ना?

अनुक्रमणिकाही मग आपसूक बदलते. महाराज प्रस्तावनेत, दोन पानं. तीन वाट्यांची पद्धत ठरली कशी आणि चालली कशी, एक प्रकरण. पेटलाद एक, ओखामंडळ एक, पेट्या एक. ‘योगदान’ नावाचं प्रकरण काढून टाक. ज्या प्रकरणाचं नाव ‘योगदान’ असतं, त्यात काय असणार हे न उघडता कळतं.

आता लिहिण्याकडे येते. आपण मराठी माणसं कीर्तनाच्या वळणाने लिहितो. नमन, पूर्वरंग, मग आख्यान, आणि मुद्दा अगदी शेवटी, श्रोते डुलायला लागल्यावर. कीर्तनात त्यातच गोडी आहे. थीसिस वाचणारा मात्र घाईत असतो. त्याच्या टेबलावर असे आणखी तीन गठ्ठे पडलेले असतात. त्याला परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात मुद्दा लागतो आणि मग पुरावा. तुझा हा परिच्छेद मराठीत करून देते:

‘सयाजीराव महाराज हे द्रष्टे राजे होते. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना पाचारण केले. बोर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली. गावोगावी ग्रंथालये स्थापन झाली. अशा प्रकारे ज्ञानाची गंगा घरोघरी पोचल्याचे दिसून येते.’

यातली मधली वाक्यं वरखाली कर. तिसरं चौथ्या जागी, चौथं तिसऱ्या जागी. बिघडलं काही? नाही. म्हणजे ही वाक्यं रेशनच्या रांगेतल्या माणसांसारखी एकामागे एक उभी आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत. आता हा बघ:

‘गावग्रंथालय निघणार की नाही हे आधी गाव ठरवत होते. तीन वाट्यांपैकी पहिला वर्गणीचा होता, आणि तो जमल्याशिवाय उरलेले दोन मिळत नव्हते. त्यामुळे सरकारी मदत ऐपतीच्या मागे जाण्याचा धोका या पद्धतीतच होता. तो प्रत्यक्षात किती खरा ठरला, हे पेटलाद आणि ओखामंडळ शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल.’

इथे दुसरं वाक्य पहिल्याच्या खांद्यावर उभं आहे, तिसरं दुसऱ्याच्या. एकही हलवता येत नाही. आणि याचं इंग्रजी करायला किती इंग्रजी यायला पाहिजे? दहावीचं पुरे. तसंच साधं लिही. कठीण शब्दांनी आपण हुशार दिसतो ही समजूत विद्यापीठांत फार पसरली आहे. मी तीस वर्षं पेपर तपासले, कठीण शब्द दिसला की माझा पहिला संशय असायचा की हिला कळलेलं नाही.

मराठीत विचार करतेस याची लाज बाळगू नकोस, पण वाक्याला वाक्य लावून भाषांतरही करू नकोस. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून तुझी इंग्रजी वाक्यंही शेवटपर्यंत श्वास कोंडून धरतात. त्यापेक्षा फोनवर रेकॉर्डर लाव आणि मुद्दा मराठीत बोल, कोणाला तरी समजावल्यासारखा. गुजराती शब्द आले तर येऊ देत, आपल्या बोलण्यात ते असतातच. दुसऱ्या रात्री ऐक, फोन बाजूला ठेव आणि मग सरळ इंग्रजीत लिही. बोललेलं शब्दशः आठवणार नाही, अर्थ तेवढा आठवेल. तेवढाच हवा.

‘दिसून येते’, ‘मानले जाते’, ‘असे म्हटले जाते’ ही तीन वाक्यांची शेपटं दिसली की पेन्सिलने गोल कर. कोणाला दिसलं? कोण मानतं? नाव घाल, नाहीतर वाक्य काढ. लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एका ओळीत लिही की हा परिच्छेद काय म्हणतो. ‘बोर्डनबद्दल’ असं नको. ‘बोर्डनच्या योजनेत खेडी नंतर आली’ असं पूर्ण वाक्य हवं. जिथे वाक्य सुचत नाही, तिथे परिच्छेद रिकामा आहे. मग नुसत्या समासातल्या ओळी वरून खाली वाच. त्या वाचून सासूबाईंना गोष्ट कळली पाहिजे.

पूर्वीच्या संशोधनाचा आढावा तू अजून लिहिलेला नाहीस, ते उत्तम, कारण लिहिला असतास तर तो लग्नातल्या आहेराच्या वहीसारखा झाला असता. मोठी मावशी, पितळी डबा. शेजारचे पटेल, ५०१ रुपये. अमुक यांनी १९८५ मध्ये असे म्हटले, तमुक यांनी १९९२ मध्ये तसे म्हटले. वहीतली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. आढाव्यात त्यांना एका खोलीत बसवून भांडायला लावायचं असतं. ग्रंथालयं वरून आली म्हणणारे एका बाजूला, लोकांच्या उत्साहातून निघाली म्हणणारे दुसऱ्या बाजूला (गावोगाव वाचनालयं काढणाऱ्या मोतीभाई अमीन यांच्या कामाकडे बोट दाखवणारे या बाजूला बसतील), आणि पैशाचा हिशेब कोणीच नीट विचारलेला नाही असं तुला आढळलं, तर तिथे तुझी खुर्ची. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर जा, तुझ्या आसपासच्या विषयांवरचे तीन प्रबंध उतरवून घे आणि त्यांची फक्त पहिली आणि शेवटची प्रकरणं वाच. प्रत्येकाचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढ. एखाद्याचा सापडणार नाही. तेव्हा सरांच्या ‘तो शुं?’ची किंमत कळेल.

अवतरणांविषयी एवढंच सांगते की उसळीवर शेव हवी, पण शेवेखाली उसळ सापडेना असं झालं तर बडोदेकर प्लेट परत करतो.

आता जरा अवघड गोष्ट, स्वतःची. १९८८ साली मी एम.फिल.चा लघुप्रबंध लिहिला. टिपणं काढायची माझी पद्धत म्हणजे एक जाड वही, त्यात पुस्तकांतली चांगली वाक्यं, मधेच माझे विचार, मधेच वाण्याची यादी. अवतरणचिन्हं घालायचा कंटाळा. सात-आठ महिन्यांनी लिहायला बसले तेव्हा कुठलं वाक्य माझं आणि कुठलं पुस्तकाचं, हे मलाच ओळखू येईना. जे चांगलं वाटलं ते माझंच असणार असं धरून चालले. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि माझ्या प्रबंधाचं पान शेजारी ठेवलं. बोलले काही नाहीत. दीड परिच्छेद, शब्दाला शब्द. चोरी करायचं मनातही नव्हतं, पण ते टेबलावरची दोन पानं कशी सांगणार? एक प्रकरण पुन्हा लिहिलं, सहा महिने गेले. वडिलांना खरं कारण कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत दोन शाया असतात. दुसऱ्याचे शब्द निळ्या शाईत, अवतरणात, पान क्रमांकासकट. माझे काळ्या शाईत. तू कॉम्प्युटरवर टिपणं काढत असशील तर दोन रंग कर. झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते संदर्भांची यादी ठेवतं आणि तळटिपा लावून देतं, पण शाई ओळखण्याचं काम ते करत नाही.

गंमत म्हणजे वाङ्मयचोरीवरचा मोठा अधिकारी ग्रंथ आपल्याच गावाने छापलाय. १९१६ मध्ये गायकवाड ओरिएंटल सिरीज ही जुन्या ग्रंथांची माला सुरू झाली ती राजशेखराच्या काव्यमीमांसेने. हजारेक वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात दुसऱ्याच्या शब्दांची आणि अर्थाची उचल किती परींची असते, याची लांबलचक वर्गवारी आहे. चोर नाही असा कवी नाही आणि असा वाणीही नाही, ज्याला लपवता येतं तो सुखात राहतो, असा एक मिस्कील श्लोकही त्यात आहे. राजशेखराच्या वेळी साम्य तपासणारं सॉफ्टवेअर नव्हतं. आता विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. नीट संदर्भ दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची यात मोजत नाहीत. पण ही टक्केवारी म्हणजे पासिंगचे मार्क समजू नकोस. माझा तो दीड परिच्छेद १० टक्क्यांच्या फार आत होता.

तळटीप कशासाठी, हे समजून घ्यायचं असेल तर एक दुपार काढ आणि बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने काढलेल्या वाल्मीकी रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचा एखादा खंड उघड. काम १९५१ मध्ये सुरू झालं, सातही कांडं छापून व्हायला १९७५ उजाडलं. पानावर वर थोडे श्लोक, खाली बारीक टायपात पाठभेदांची दाटी. संपादकांनी कुठला पाठ घेतला आणि कुठल्या पोथीतला खाली ठेवला, सगळं तुझ्यासमोर मांडलंय, म्हणजे पटलं नाही तर तुला भांडता यावं. तुझ्या पेटलादच्या आकड्याखाली अहवालाचं वर्ष आणि पान हवं ते एवढ्याचसाठी. बाकी स्वल्पविराम कुठे आणि तिरपा टाइप कुठे, ते विभाग सांगेल तसं कर. त्यावर रात्री जागवू नकोस.

चॅटजीपीटीचं म्हणशील तर व्याकरण तपासून घ्यायला माझा विरोध नाही, सरांना विचारून आणि त्यांना सांगून. संदर्भ मात्र त्याच्याकडून कधीही घेऊ नकोस. नसलेली पुस्तकं, नसलेली पानं तो बेधडक सांगतो, लेखकाच्या नावासकट. आणि ‘चकाचक’ करून घेतल्यावर तुझी ३४ पानं चकाचक ३४ पानं होतील. सर पुन्हा तेच लिहितील. पैसे घेऊन लिहून देणाऱ्यांबद्दल काय बोलू? व्हायव्हाला ते गृहस्थ तुझ्या खुर्चीत बसणार आहेत का?

वेळेचं. रात्री दहानंतर तासभर मिळतो, त्यात पहिली वीस मिनिटं काल कुठे होते हे शोधण्यात जातात ना? उठताना वाक्य अर्धं सोडून उठ. पूर्ण करायचा मोह होईल, करू नकोस. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या ते पुरं करायचं, हात आपोआप चालायला लागतो. रात्री १५० शब्द पुरेत. आठवड्यात पाच रात्री धरल्या तर ७५०, चाळीस आठवड्यांत ३० हजार. कच्चे का होईनात, ३० हजार शब्द हातात असलेली बाई आणि नसलेली बाई यांच्या झोपेत फरक असतो. रविवारी सकाळी मुलगी आजीपाशी राहत असेल तर मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बस, उघडं असेल तो दिवस विचारून. तिथल्या लोखंडी मांडण्या आणि काचेच्या जमिनी यांवर तू विषय म्हणून चार वर्षं लिहिते आहेस. तिथे वाचक म्हणून शेवटची कधी बसली होतीस?

आणि मुदतीचं भय मनातून काढ. पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षांची असली तरी आयोगाच्या नियमात स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय सगळ्या काळात मिळून २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपनाची रजा घेता येते. कार्यालयात जाऊन अर्जाचा नमुना आत्ताच आण. लागला नाही तर उत्तम.

सरांकडे पुढच्या वेळी प्रकरण नेऊ नकोस. एक कागद ने. वर प्रश्न, दोन वाक्यांत. खाली तुला काय उत्तर निघेलसं वाटतं ते, आणि त्याखाली कोण त्यावर काय आक्षेप घेईल ते. ‘तो शुं?’ लिहायला जागा सोड. ज्या माणसाने ३४ पानं वाचून पानोपानी तेच विचारण्याची चिकाटी दाखवली, तो कागदावर अर्धा तास नक्की देईल. आधी मात्र सासूबाईंना वाचून दाखव.

ती ३४ पानं फाडू नकोस हो. फाइलीत ठेव. व्हायव्हाला कोणीतरी एक म्हातारे गृहस्थ महाराजांच्या सनावळ्या विचारतातच, आदल्या रात्री चाळायला होतील.